रेस दिली की चार्ज होते

शनिवार : पुणे – ताम्हिणी – दिवेआगर

दुपारी दोनला निघायचं होतं. चांदणी चौक मागे पडला तेव्हा चार वाजत आले होते. डिसेंबरचा दिवस, त्यामुळे मुळशीचं पाणी दिसेनासं होईपर्यंत ऊन उतरलं आणि ताम्हिणीच्या झाडीत शिरताना दिवे लावावे लागले. दिवे लावले आणि माझ्या सीटखालून टिक... टिक... सुरू झालं.

"इंडिकेटर राहिलाय," मामा म्हणाले.

इंडिकेटर बंद होता. ब्रेकवर पाय पडला की टिक, सोडला की थोड्या वेळानं पुन्हा टिक. वळणांवर तर चांगलाच ताल धरला. दहा-पंधरा मिनिटांनी मी ब्लोअर लावला तेव्हा आवाज बंद झाला आणि आम्ही तो विषय सोडून दिला.

गाडीबद्दल सांगायला हवं. वीस वर्षं जुनी, बारा सीटर डिझेल व्हॅन. आधीच्या मालकानं सीटा काढून मागे पलंग, छोटा ओटा, सिंक आणि बारा व्होल्टचा फ्रिज बसवलेला. बॅटऱ्या दोन. एक इंजिनाची, सेल्फ फिरवणारी. दुसरी घरची: फ्रिज, पंखा, पाण्याचा पंप, मोबाइल सगळं तिच्यावर. दोघींच्या मध्ये एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, आहे. इंजिनाच्या बॅटरीवर १३.३ व्होल्ट दिसले, म्हणजे चार्जिंग चालू आहे असं समजून तो दोघींना जोडतो, १२.८ च्या खाली गेलं की तोडतो, म्हणजे रात्री फ्रिजनं कितीही खाल्लं तरी सकाळी सेल्फ मारायला इंजिनाची बॅटरी शिल्लक राहते. साधी, चांगली व्यवस्था. तो रिले माझ्याच सीटखाली.

आणि मामा. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. मेकॅनिक म्हणून, इलेक्ट्रिशियन म्हणून नव्हे; हा फरक ते स्वतः मानत नाहीत. त्यांच्या इन्सुलिनची पेनं फ्रिजमध्ये होती, त्यामुळे फ्रिज चालू राहणं ही आमच्यासाठी चैन नव्हती.

माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. फ्रिजच्या वरच्या छोट्या मीटरवर घरच्या बॅटरीचे १२.० व्होल्ट. शिशाची बॅटरी शांत पडलेली असताना १२.६-१२.७ दाखवते तेव्हा ती भरलेली असते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२.० म्हणजे पाव. एवढे तास गाडी चालवून ती भरायला हवी होती. ती निघतानापेक्षा रिकामी होती. वाडीच्या मालकीणबाईंनी इन्सुलिन त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवलं, आम्ही जेवलो आणि झोपलो.

रविवार : दिवेआगर – श्रीवर्धन – हरिहरेश्वर – आंजर्ले

सकाळी सेल्फ जड फिरला. दोनदा कण्हला आणि मग इंजिन लागलं. मामांचं निदान तयार होतं: "बॅटरी गेली."

मी मल्टिमीटर काढला. चारपाचशे रुपयांचा, पिवळा, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तसला. इंजिनाची बॅटरी सुरू करण्यापूर्वी १२.३ होती. इंजिन चालू झाल्यावर, नुसत्या आयडलिंगला, १२.१. ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारं यंत्र, काम करत असेल तर इथे १३.८ ते १४.४ च्या मध्ये कुठेतरी आकडा दिसायला हवा. म्हणजे चार्जिंग शून्य. बायकोला म्हटलं, जरा रेस दे. तिनं पाय दाबला, इंजिन गुरगुरलं आणि आकडा उडी मारून १३.९ वर गेला. पाय काढला, आयडलिंगला आली, तरी १३.९ च. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं: पुन्हा १२.१. रेस दिली: १३.९.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना विचित्र वाटेल, पण या लक्षणाचा अर्थ बऱ्यापैकी स्पष्ट असतो. ऑल्टरनेटरच्या आत फिरणारा रोटर हा विद्युतचुंबक आहे, कायमचा चुंबक नाही. त्याला चुंबक बनवायला सुरुवातीला बाहेरून थोडा करंट द्यावा लागतो. तो करंट येतो डॅशबोर्डवरच्या बॅटरीचं चित्र असलेल्या लाल दिव्यातून. चावी फिरवली की बॅटरीतून चावी, चावीतून दिवा, दिव्यातून ऑल्टरनेटरची डी प्लस पिन, तिथून रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) आणि कार्बनमधून (फिरत्या रोटरला टेकून करंट पोचवणारे ठोकळे) रोटर, आणि मग अर्थ, म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. दिवा लागतो आणि त्याच वेळी रोटर जागा होतो. इंजिन सुरू झालं की ऑल्टरनेटर स्वतःच डी प्लसवर बॅटरीएवढा व्होल्टेज आणतो, दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब होतो आणि दिवा विझतो. म्हणजे तो दिवा नुसता निरोप्या नाही, तो सर्किटचा भाग आहे. हा करंट मिळाला नाही तर रोटरमध्ये उरलेल्या किंचित चुंबकत्वावर, जोरात फिरवल्यावर, ऑल्टरनेटर कधीतरी आपोआप पेटतो. आमचा तसा पेटत होता.

"पण चावी फिरवल्यावर तो दिवा लागतच नाही," बायको म्हणाली. "ऑइलचा लागतो, हँडब्रेकचा लागतो. बॅटरीचा नाही."

बरोबर होतं. लाल दिवा दिसला नाही की आपण खूश असतो. चावी फिरवल्यावर तो दिसायला हवा होता हे कोण बघतं!

ऊन चढायच्या आत श्रीवर्धन गाठलं. पेशव्यांचं मूळ गाव, रोठा सुपारीच्या वाड्या, सगळं काचेतून. रविवार असूनही एक ऑटो इलेक्ट्रिशियन दुकानात होता. हुशार पोरगा. त्यानं डॅशबोर्डचं मीटर काढून दिवा ओढला आणि हसला. एलईडी होता. आधीच्या मालकानं डॅशबोर्डचे सगळे जुने बल्ब काढून एलईडी लावून घेतलेले. एलईडीला उलट-सुलट असतं, जुन्या बल्बला नसतं. हा उलटा बसला होता. त्यानं फिरवून लावला. चावी फिरवली, लाल दिवा लख्ख. दुकानात समाधान पसरलं.

इंजिन सुरू केलं. दिवा लागलेलाच. रेस दिली, विझला.

"दादा, कार्बन संपलेत," तो म्हणाला. "नायतर रेग्युलेटर. ऑल्टरनेटरच बदलून टाका, रिपेअर केलेला आहे माझ्याकडे."

त्याचं बोलणं चूक म्हणता येत नाही. कार्बन झिजून आखूड झाले की रोटरपर्यंत करंट नीट पोचत नाही आणि हेच लक्षण दिसतं. पण शक्यता असणं आणि तेच असणं यांत एका मोजमापाचं अंतर असतं, आणि ते मोजमाप न करता हजारो रुपयांचा सुटा भाग बदलायची माझी तयारी नव्हती. मामांना माझी ही कंजुषी वाटली. त्याला दिवा फिरवल्याचे पैसे दिले आणि पुढे निघालो.

हरिहरेश्वरला दर्शन झालं. प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीचं पाणी होतं म्हणून कड्यावरून खाली बघून परत फिरलो. मग बागमांडला. सावित्रीच्या मुखावरची ही फेरी मला फार आवडते: समोर बाणकोटचा किल्ला, मासेमारीच्या होड्या. पण आज फेरीवर इंजिन बंद करायला सांगितलं तेव्हा पोटात गोळा आला. वेश्वीला लागताना मागे गाड्यांची रांग, पुढे उतारावर एक म्हातारेबुवा स्कूटरसकट उभे, आणि आमचा सेल्फ एकदा कण्हून गप्प. दुसऱ्यांदा लागलं. उतरताना मी मुद्दाम रेस दिली; म्हातारेबुवांनी वळून असं बघितलं की अजून आठवतं.

वेळास, केळशी, आडे असा किनाऱ्याचा रस्ता. अरुंद, वळणावळणाचा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा. मध्ये चहाला थांबलो, नारळपाण्याला थांबलो. प्रत्येक वेळी इंजिन बंद, आणि पुढे पुरेशी रेस मिळेपर्यंत चार्जिंग बंद. काल घाटात चार्जिंग होतं आणि आज गावांमधून नव्हतं, याचं कोडं असं सुटत होतं. मात्र काल घाटात चार्जिंग होत असूनही घरची बॅटरी का भरली नाही, हे अजून लागत नव्हतं.

आंजर्ल्याला संध्याकाळी मामांनी बाह्या सरसावल्या. "इंजिन चालू ठेव. मी बॅटरीचं टर्मिनल काढतो. बंद पडली तर ऑल्टरनेटर गेला, चालू राहिली तर बरा आहे."

"मामा, हात लावू नका."

"अरे, आयुष्य गेलं माझं यात!"

आयुष्य गेलं हे खरं, आणि डायनॅमोच्या काळात ही चाचणी चालून जायची हेही खरं. पण ऑल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी अचानक काढली, तर त्याचा निघणारा करंट जाणार कुठे? रेग्युलेटरला रोटरचं चुंबकत्व कमी करायला क्षणभर वेळ लागतो आणि तेवढ्यात व्होल्टेज पन्नास-साठच्याही वर उसळू शकतो. डायोड, रेग्युलेटर, म्युझिक सिस्टीम, काहीही जाऊ शकतं. शिवाय आमच्या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा लागल्यावर चालू राहायला वीज जवळपास लागतच नाही. ऑल्टरनेटर मेलेला असला तरी ते चालतच राहिलं असतं. म्हणजे चाचणी धोक्याची, आणि वर निरुपयोगी. हा दुसरा मुद्दा मामांना पटला. पहिला नाही.

सोमवार : आंजर्ले – हर्णै – दाभोळ – गुहागर

सकाळी सगळं आवरायच्या आत मी दोन सीटांमधलं झाकण उचलून बसलो. आधी पट्टा. अंगठ्यानं दाबला: जेवढा खाली जायला हवा तेवढाच, कडेला चिरा नाहीत, आतून काचेसारखी चकाकी नाही. घसरणारा पट्टा किंचाळतो. आमचा गप्प होता. (पट्ट्याकडे दुर्लक्ष करू नये. काही डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप ऑल्टरनेटरच्याच शेपटीला असतो. तिथे पट्टा तुटला की चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते.)

मग खरी चाचणी. चावी चालू, इंजिन बंद. लाल एलईडी पेटलेला. एक जुना स्क्रू ड्रायव्हर ऑल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ नेला. रोटर चुंबक झाला असेल तर लोखंड ओढलं जायला हवं. काहीच नाही. स्क्रू ड्रायव्हर निर्जीव.

आता बाजूच्या पार्किंग लाइटमधला पाच वॅटचा काचेचा बल्ब काढला, त्याला दोन वायरी गुंडाळल्या, एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं डी प्लसला. बल्ब पेटला आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातातून खेचल्यासारखा बेअरिंगच्या झाकणाला चिकटला.

"मामा, या इकडे."

मामांनी स्वतः काढून, लावून, पुन्हा काढून बघितलं. बल्ब लावला की चिकटतो, काढला की पडतो. बायकोनं इंजिन सुरू केलं, रेस न देता. मीटरवर १३.९.

ऑल्टरनेटर चांगला होता. कार्बनही काम करत होते. भानगड दिव्याचीच होती, पण श्रीवर्धनच्या पोरानं पाहिली त्याच्या एक पायरी पुढे. एलईडी सुलटा लावला की पेटतो, पण त्यातून दहा-वीस मिलिअँपिअर करंट जातो. रोटर जागा करायला त्याच्या दहापट तरी हवा. दोन-तीन वॅटचा जुना बल्ब तेवढा सहज देतो; ती त्याची उधळपट्टी नाही, कामच ते आहे. एलईडी वीज वाचवतो म्हणून लावतात, आणि इथे नेमकी तीच खोड होती. ज्यांना एलईडीच ठेवायचा असेल त्यांनी त्याला समांतर साधारण ६८ ओहमचा, चांगल्या तीन-पाच वॅटचा रेझिस्टर लावावा, तेवढ्यानं भागतं.

आंजर्ल्यात त्या मापाचा बल्ब मिळेना. हर्णैला स्पेअर पार्टच्या दुकानात तळाच्या डब्यातून तीन वॅटचा निघाला. दुकानदारानं किंमत आठवायलाच वेळ घेतला. तोवर बायको बंदरावर लिलाव बघून आली आणि सुरमई घेऊन आली, कारण "आता फ्रिज चालू झाला ना?"

फ्रिज चालू झाला नव्हता. बल्ब बसवला, चावी फिरवली, दिवा लागला. इंजिन लागलं, दिवा लगेच विझला, १३.९. मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी असं सरळ दक्षिणेला निघालो. अर्धा तास घरची बॅटरी भरत होती असं दिसलं. मग उकडायला लागलं म्हणून ब्लोअर लावला आणि सीटखालून परत टिक.

दाभोळला फेरीच्या रांगेत उभं असताना सेल्फ पुन्हा जड. आता हे कोड्यात टाकणारं होतं. सकाळपासून बॅटरी भरत होती, मीटर १२.७ दाखवत होता. भरलेली बॅटरी आणि जड सेल्फ. वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलो तेव्हा मला एक वेगळाच वास आला, रबर तापल्यासारखा. ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावून बघितला: तिचं आवरण कोमट नव्हे, गरम होतं.

धोपाव्याहून गुहागरला जाताना तो सुप्रसिद्ध वीजप्रकल्प लागतो. नाव दाभोळचं, जागा मात्र गुहागर तालुक्यातली, खाडीच्या अलीकडची. एन्रॉनच्या काळात महाराष्ट्रात यावरून केवढं रण माजलं होतं! १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, २००५ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या नावानं सरकारी संस्थांनी तो हातात घेतला. वीज तयार होत होती, विकत घेणाऱ्याला परवडत नव्हती. मामा त्या वेळच्या मोर्चांबद्दल बोलत होते आणि मी हो हो म्हणत त्या गरम केबलचा विचार करत होतो.

ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वीज जायचं कारणच काय? एकच. इंजिनाला परतीचा दुसरा रस्ता सापडत नाही.

गुहागरला पोचल्यावर, व्याडेश्वराच्या दर्शनाच्याही आधी, मी हेडलाइट, ब्लोअर, फ्रिज सगळं लावलं, इंजिन थोडं चढं ठेवलं आणि मोजायला बसलो. ऑल्टरनेटरची बी प्लस पिन (जिथून चार्जिंगचा करंट निघतो) आणि त्याचंच अंग यांच्यामध्ये: १३.९. बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये: १२.९. पूर्ण एक व्होल्ट वाटेत गायब. आता मीटरची एक तार बी प्लसला, दुसरी बॅटरीच्या प्लसला: ०.२. प्लसची केबल ठीक. मग एक तार ऑल्टरनेटरच्या अंगाला, दुसरी बॅटरीच्या मायनसला: ०.८.

०.२ च्या आसपास असतं तर बोलायचं काम नव्हतं. ०.८ म्हणजे अर्थिंग गेलेलं. खात्रीसाठी मीटर तसाच ठेवून सेल्फ मारला: २.३ व्होल्ट. बॅटरीचे सव्वादोन व्होल्ट सेल्फपर्यंत पोचतच नव्हते.

मामा शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "डेपोतून गाडी सुटते तशी परत यायला पण हवी. रस्ताच बंद तर उद्या सोडायला गाडी कुठली?"

याहून चांगलं मी सांगू शकलो नसतो. करंट प्लसच्या केबलनं जातो आणि चॅसी, इंजिन यांच्या लोखंडातून परत येतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन ते चॅसी एक जाड पट्टी हवी. ती खराब झाली की करंट गिअरच्या दांड्या, ॲक्सिलरेटरची केबल, जे सापडेल ते धरून परत येतो. ताम्हिणीतली टिकटिकही यातच बसत होती. भार कमी असताना बॅटरीवर १३.३ च्या वर दिसायचे, रिले जोडायचा. घरची बॅटरी करंट ओढू लागली की अर्थच्या पट्टीत व्होल्टेज पडायचा, १२.८ च्या खाली गेला की रिले तोडायचा. भार उतरला की पुन्हा जोडायचा. ब्लोअर लावल्यावर व्होल्टेज कधी १३.३ ला पोचायचाच नाही, म्हणून तो गप्प. बिचारा सांगितल्याप्रमाणे काम करत होता.

त्या रात्री सुरमई तळून संपवली. ठेवायला जागा नव्हती.

मंगळवार : गुहागर – शृंगारतळी

गुहागरहून चिपळूणच्या रस्त्याला शृंगारतळीची बाजारपेठ आहे. तिथल्या एका बॅटरीवाल्या काकांकडे गाडी नेली. साठीचे, डोळ्यांवर जाड चष्मा, दुकानात उदबत्तीचा आणि ॲसिडचा मिश्र वास. मी मोजमापं सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, मग आपल्या जुन्या टेस्ट लँपनं स्वतः तपासलं आणि मान हलवली. "नाय, बरोबर बोलता. खाली बघू."

खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला, विणलेल्या तांब्याची पट्टी होती. वरून काळी कुळकुळीत, नवी दिसत होती. काकांनी पान्यानं नट सैल केला आणि पट्टी हातात आली ती हिरवी भुकटी झाडत. कधीतरी गाडीचा तळ गंजू नये म्हणून काळ्या रंगानं रंगवला होता, पट्टी न काढता. आणि चॅसीच्या बाजूचं थिंबल, म्हणजे टोकाची धातूची कडी, तर रंगाच्या थरावरच आवळलं होतं. लोखंड आणि थिंबल यांच्यामध्ये रंग, रंगाच्या कडेनं शिरलेली खारी हवा. बाहेरून बघून हे कुणाला कळणार? ओहमवर मीटर लावून तपासलं असतं तरी काही दिसलं नसतं. हा विरोध एका ओहमच्या शंभराव्या भागाच्या आसपासचा. स्वस्त मीटरला तो शून्यच दिसतो. त्यातून चाळीस-पन्नास अँपिअर ओढले तरच तो तोंड उघडतो. म्हणून व्होल्टेजची घट मोजायची, आणि भार चालू ठेवूनच मोजायची.

काकांनी ३५ चौरस मिलिमीटरची केबल कापली, दोन्ही टोकांना तांब्याची थिंबलं दाबून बसवली. थिंबल हातोडीनं ठोकणारे बरेच भेटतात. यांच्याकडे दाबायचं हायड्रॉलिक हत्यार होतं आणि ते वापरताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही होता. चॅसीची जागा पॉलिश पेपरनं पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासली. दातेरी वॉशर, नट, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी नव्हे. बॅटरीच्या मायनसपासून चॅसीपर्यंतची केबलही काढून, घासून, परत लावली.

मामांनी सेल्फ मारायचा मान घेतला. चावी फिरली आणि इंजिन एका झटक्यात लागलं, इतक्या लवकर की ते स्वतःच दचकले.

सगळा भार चालू ठेवून: अर्थच्या बाजूची घट ०.०८. बॅटरीवर १३.६. सीटखाली एकदाच टिक, आणि रिले जोडलेलाच राहिला. जाता जाता मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर लावला. ऑल्टरनेटरचा एखादा डायोड गेला असेल तर इथे अर्ध्या व्होल्टच्या वर लहरी दिसतात. काही शतांश दिसले. ठीक.

"ऑल्टरनेटर काढून बघू का? कार्बन तरी बघू," काकांनी विचारलं. एवढं झाल्यावर मलाही उत्सुकता होती. रेग्युलेटरचे दोन स्क्रू काढले की कार्बन त्याच्यासकट बाहेर येतात. पाचेक मिलिमीटर उरले होते. चालतील, पण पुढच्या पावसाळ्याआधी बदलायला हवेत. श्रीवर्धनच्या पोराचं अर्धं बोलणं त्या मापानं खरं होतं.

काकांनी मजुरी सांगितली ती इतकी कमी की मामा संतापले आणि जास्त देऊ लागले. त्यावर त्यांची पाच मिनिटं हुज्जत. शेवटी काकांनी वरचे पैसे घेतले नाहीत. मामांनी त्यांच्याकडून डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन विकत घेतले, ज्यांची आम्हाला गरज नव्हती.

बुधवार : वेळणेश्वर – हेदवी – तवसाळ – गणपतीपुळे

आज लिहिण्यासारखं गाडीबद्दल काही नाही. वेळणेश्वरचा किनारा रिकामा होता. हेदवीला दशभुज गणपती, त्याच्या वाटेवरची झाडी. तवसाळच्या फेरीवर इंजिन बंद केलं, जयगडला लगेच सुरू केलं. मागच्याला हॉर्न वाजवायलाही वेळ मिळाला नाही. गणपतीपुळ्याला पोचलो तेव्हा घरच्या बॅटरीवर १३.५ होते. मामांनी इन्सुलिनची पेनं वाडीवाल्यांकडे न देता आमच्याच फ्रिजमध्ये ठेवली, आणि रात्री दोनदा उठून मीटर बघितला. सकाळी १२.५.

गुरुवार : आरे-वारे – रत्नागिरी

आरे-वारेच्या रस्त्यावर दर वळणाला गाडी थांबवावी असं वाटतं आणि आता थांबवता येत होती. रत्नागिरीत थिबा राजवाडा बघितला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा १८८५ मध्ये राज्य गमावून इथे आणला गेला, पण हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. जेमतेम सहा वर्षं राहायला मिळाला त्याला. मामांना मात्र सभागृहापेक्षा तिथलं जुनं वायरिंग बघण्यात रस होता.

दुपारी बाजारातून एक जादा पट्टा, तीन वॅटचे दोन बल्ब आणि अर्धा मीटर केबल घेतली. डॅशबोर्डचे बाकीचे एलईडी तसेच ठेवलेत. तिथे नुसता उजेडच हवा आहे. कार्बनचा सेट रत्नागिरीत मिळाला नाही, तो पुण्यात बघायचा. आणि सीटखालच्या रिलेला आता एक वेगळी अर्थची वायर द्यावी असं मामांचं म्हणणं आहे. त्याची गरज नाही असं माझं. उद्या आंबा घाट चढताना यावर बोलायला भरपूर वेळ आहे.